शेवटची मूठ

८ जुलै २०२५, मंगळवार. देवपूर, धुळे

सोनगीरहून भूपेंद्र आला होता. भूपेंद्र म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा, प्रेमराजचा मोठा मुलगा. सध्या ग्रामपंचायतीत आहे, त्यामुळे खुर्चीवर बसतानाही सभेत बसल्यासारखा बसतो. गावातली आबांची तालीम नव्याने बांधून झाली आहे. नागपंचमीला उद्घाटन आणि कुस्त्या. स्मरणिका मी लिहायची, भाषण मी करायचे आणि तालमीच्या भिंतीवरचे जपानचे चित्र काचेत बसवून आणायचे.

"अक्का, इतिहासाची प्रोफेसर घरात असताना बाहेरचा माणूस कशाला?"

मी म्हटले, प्रोफेसर निवृत्त झाली त्याला अकरा वर्षे झाली, आणि फुकटात मिळते म्हणून घरची हवी असते. तो हसला. मी होकार दिला. खरे तर त्याने विचारण्याआधीच दिला होता.

आबांविषयी, म्हणजे माझ्या वडिलांविषयी, एकदा इथे नीट लिहून ठेवते, स्मरणिकेला उपयोगी पडेल. आजीची चार मुले लागोपाठ गेली. पाचवा झाला तेव्हा मृत्यूची नजर पडू नये म्हणून नाव ठेवले चिंधा. चिंधी कोण उचलणार? तो चिंधा जगला, पहिलवान झाला, पलटणीत भरती झाला. महायुद्ध संपल्यावर जपानवर पहारा ठेवायला जी फौज गेली तीत मराठा पलटण होती, आणि तीत आबा. १९४७ साली परत आले ते ही चित्राची गुंडाळी घेऊन. जपानी पहिलवानाला हरवून बक्षीस आणले, हे सोनगीरला शेंबड्या पोरालाही माहीत आहे. चिंधा पहिलवानाला 'जपान केसरी' म्हणत.

चित्र भूपेंद्रने पिशवीत घालून आणले होते, वर चार पेरू. पेरू बाजूला काढून मी त्याला जे बोलायचे ते बोलले.

११ जुलै, शुक्रवार

जेवणाच्या टेबलावर स्वच्छ चादर घालून गुंडाळी उलगडली. इतकी वर्षे ती तालमीच्या भिंतीवर, मारुतीशेजारी, दाराबाहेरूनच पाहिली. जवळून कधीच नाही. तालमीत बायकांना मज्जाव.

दोन अगडबंब मल्ल, अंगावर कमरेच्या जाड पट्ट्याखेरीज काही नाही. डोक्यावर तेल लावून बांधलेल्या शेंड्या. एकाचा पट्टा तांबडा, एकाचा निळा. तांबड्याने निळ्याला पट्ट्याला धरून उचलले आहे. निळ्याचा एक पाय जमिनीवर, एक हवेत, आणि चेहरा सरळ बघणाऱ्याकडे. मागे हातात पंखा घेऊन पंच वाकून पाहतो आहे. ओळी अशा की एका दमात ओढलेल्या. रंग फिके पडले आहेत, पण निळा अजून निळा.

आणि निळ्याच्या कपाळावर गुलालाचा डाग. एकदा लावलेला नाही, वर्षानुवर्षे बोट टेकवून टेकवून कागद तिथे मऊ झाला आहे.

मी लगेच फोन केला. "चित्राला गुलाल कोण लावतं? आणि लावायचाच तर निदान जिंकणाऱ्याला लावावा. हरणाऱ्याला कोण लावतं?"

भूपेंद्र म्हणाला, "आबाच लावायचे, अक्का. दर नागपंचमीला. आम्ही कोणी हात लावत नाही."

आबांना चष्मा उशिरा लागला. चुकीच्या माणसाला लावत राहिले असणार.

१३ जुलै, रविवार

स्मरणिकेची बारा पाने लिहून झाली. 'आणि चिंधा पहिलवानांनी जपानी मल्लाला एकाच डावात चितपट केले' हे वाक्य सातव्या पानावर आहे. मग खाली संदर्भ काय द्यायचा म्हणून थांबले. पस्तीस वर्षे पोरांना सांगितले, पुरावा दाखवा. इथे पुरावा म्हणजे सगळे गाव. आबा स्वतः काय म्हणाले होते ते आठवून पाहिले. कोणी विचारले, पहिलवान, जपान्याला कसा हाणला, की ते एवढेच म्हणत, "तो पडना." तो पडला. पुढे काही नाही. अबोल माणूस.

तालमीविषयी लिहिताना आणखी एक आठवले. त्यांच्याकडे नवा आलेला मुलगा सहा महिने फक्त पडायला शिकायचा. मान आत, हनुवटी छातीला, खांद्यावर कलंडायचे. डाव नाही, जोड नाही. दोंडाईच्याच्या तालमीची पोरे चिडवत, "सोनगीरना पहिलवान, पडाना पहिलवान." हौदातली माती रोज पहाटे स्वतः हाताने चाळत, खडा सापडला तर दिवसभर कोणाशी बोलत नसत. आणि जपानहून आल्यावर स्वतः एकही कुस्ती लढले नाहीत. वय पंचवीस! एवढा मोठा विजय मिळवल्यावर लहानसहान कुस्त्या कशाला लढायच्या, असे मी लिहिले आहे. पटण्यासारखे आहे.

१६ जुलै, बुधवार

सुनंदावहिनीचा, प्रेमराजच्या बायकोचा, फोन. कानबाई यंदा तीन ऑगस्टला, मी शनिवारीच यावे, गहू मोजायला. जणू मी कधी चुकले आहे.

आमच्या खानदेशात कानबाई या देवीच्या रोटाचे, म्हणजे प्रसादाच्या पोळ्यांचे, गहू मोजण्याची रीत आहे. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. नाव घ्यायचे, मूठ टाकायची, वर पाव. बायकांची मूठ नसते. रोट खायचा तो फक्त भाऊबंदांनी. लग्न होऊन गेलेल्या मुलीला माहेरचा रोट चालत नाही, ती दुसऱ्या कुळाची झाली. मी गेलेच नाही, त्यामुळे मला चालतो. मी का गेले नाही याची कारणे इथे लिहायची गरज नाही.

पण एक गोष्ट मी कधी कोणाला सांगितलेली नाही, ती लिहिते. आबा गहू मोजायचे तेव्हा नावे मोठ्याने घेत. आजोबांचे, काकांचे, स्वतःचे, प्रेमराजचे. आणि सगळी नावे संपली की आणखी एक सव्वा मूठ टाकत, ओठ हलवून, आवाज न करता. मी आठ वर्षांची असेन. समोर बसून परातीकडे पाहत होते. ती मूठ टाकताना त्यांनी वर माझ्याकडे पाहिले. मला तेव्हाच कळले. मुलीची मूठ नसते, म्हणून मोठ्याने घेता येत नाही, पण घेतात.

शाळेत पहिली आले ती त्या मुठीवर. धुळ्याला कॉलेजात एकटी राहिले ती त्या मुठीवर. आबा गेल्यावर मोजायचे काम मोठी म्हणून माझ्याकडे आले. एकोणतीस वर्षे मी ती शेवटची मूठ टाकते आहे, ओठ न उघडता. कोणी विचारले तर 'आबांची रीत' म्हणते.

१९ जुलै, शनिवार

स्मरणिका छापून आली, पाचशे प्रती. मुखपृष्ठावर आबा, मिशांसह; खाली लेखिका म्हणून माझे नाव, प्रा. सुलक्षणा.

फ्रेमवाला म्हणतो, वरखालच्या दांड्या कापाव्या लागतील, नाहीतर काचेत बसणार नाही. करवत हातात घेऊनच बोलत होता. मी चित्र त्याच्या हातातून काढून घेतले. मग हेमांगीला फोटो पाठवले. हेमांगी माझी विद्यार्थिनी, वर्गात शेवटच्या बाकावर बसून विणकाम करायची. पुढे जपानी शिकली, आता जळगावला एका कंपनीत जपानी पाहुण्यांची दुभाषी आहे. पाच मिनिटांत फोन. "मॅडम, कापू नका, काचेत घालू नका, उन्हात ठेवू नका. मी बघते. घेऊन या."

विणकाम करणाऱ्या मुलीकडून मी आता आज्ञा घेते.

२१ जुलै, सोमवार

एसटीने जळगाव. चित्र मांडीवर. शेजारची बाई विचारत होती, पोस्टर आहे का.

हेमांगीने हात धुतले, पुसले, मग उलगडले. चित्र दीड-पावणेदोनशे वर्षांचे असावे म्हणाली. कोपऱ्यातला लाल शिक्का चित्रकाराचा. असली चित्रे घरात सणासुदीला लावतात आणि एरवी गुंडाळून पेटीत ठेवतात.

"एवढं जुनं चित्र बक्षीस म्हणून देत नाहीत, मॅडम. हे कोणाच्या तरी घरातलं आहे."

मी म्हटले, "म्हणजे चोरलं म्हणतेस?"

"तसं नाही. पण अशा चित्राला पेटी असते. हलक्या पांढऱ्या लाकडाची, लांबट. आणि झाकणाच्या आतून लिहिलेलं असतं, कोणी दिलं, केव्हा दिलं. पेटी आहे का?"

पेटी! पेटी आहे. लहानपणापासून डोळ्यांसमोर आहे. कानबाईची नथ, बांगड्या आणि गळसरी ज्यात ठेवतात ती. आईने, भिकुबाईने, ती देवीला दिली असे ऐकून आहे. झाकणाला आतून लाल खण चिकटवलेला आहे.

परतीच्या एसटीत एकच विचार. आबांनी चोरले असेल तर? युद्धात शिपाई घराघरांतून काय काय उचलतात हे मी वर्गात शिकवले आहे, स्वतःच्या घराचा विचार न करता.

२३ जुलै, बुधवार. सोनगीर

सकाळीच आले. सुनंदावहिनी कानबाईसाठी भिंतींना पांढरा हात देत होती. पेटी मागितली तर ब्रश हातातच राहिला.

"अक्का, कानबाईना आगोदर पेटी उघडतस नहीत. माले पाप लावू नका."

"पाप मला लागेल. तू पुढे काम कर."

"तुम्हले लागीन तं घरलेच लागीन ना?"

मुद्दा बरोबर होता. तरी पेटी काढली. देवीचे दागिने वहिनीच्याच ओटीत दिले, म्हणजे ते उघड्यावर पडायला नकोत. ती पदर धरून उभी राहिली, रागाने माझ्याकडे बघत. मी ओल्या फडक्याने खण भिजवला. खळीने चिकटवला होता, चारी कडांना सारखा, एकही सुरकुती नाही. आईचे काम इतके नीटनेटके नसे. हौदाची माती चाळणाऱ्या माणसाचे हे काम.

खण सुटला. खाली उभ्या काळ्या ओळी. अकरा. लाकडात शाई मुरलेली, काल लिहिल्यासारखी.

फोटो पाठवला. अर्ध्या तासाने हेमांगीचा फोन आला. तिने मला बसायला सांगितले. मी म्हटले, मी बसून ऐकणाऱ्यांपैकी नाही, वाच.

तिने वाचले. मी बसले.

२४ जुलै, गुरुवार

काल पुढे लिहिता आले नाही. आज हेमांगीने लिहून पाठवलेला मजकूर जसाच्या तसा उतरवते.

'हे चित्र आमच्या घरात सहा पिढ्या आहे. माझा मुलगा शिगेओ, वय एकवीस, युद्धातून जिवंत परत आला. वसंतात देवळाच्या अंगणात गंमत म्हणून हिंदी शिपायाशी कुस्ती खेळला. पडला आणि मान मोडली. चार दिवस होता. ज्याच्या हातून पडला तो शिपाई चारही दिवस त्याच्या उशाशी बसून राहिला. जेवला नाही. पाणी त्यानेच पाजले. मला त्याचे बोलणे कळत नव्हते. शेवटच्या दिवशी शिगेओ त्याला दादा म्हणाला. आता हे चित्र लावायला घरात कोणी नाही. म्हणून या मुलाला देत आहे. शिगेओची आई.' खाली देवळाचे नाव आणि साल, १९४७.

माझ्या वडिलांच्या हातून माणूस मेला होता. आणि आम्ही त्याच्या घरचे चित्र बक्षीस म्हणून भिंतीवर लावले. त्यांना 'जपान केसरी' म्हणून हाक मारली, रोज, जन्मभर. ते मागे वळून पाहत. ओ देत.

एकदाही खोटे बोलले नाहीत. 'तो पडला.' बाकी सगळे आम्ही रचले, आणि मी ते छापले.

२५ जुलै, शुक्रवार

भाईदास नानांकडे गेले. आबांचे पहिले शिष्य, वय एक्क्याण्णव, कानाने मंद, बाकी ठणठणीत. ओट्यावर बसून तंबाखू मळत होते.

"ये अक्का. बैस. उभी काय ऱ्हास, पंच शे का तू?"

मी मजकूर वाचून दाखवला. कानाजवळ, मोठ्याने, दोनदा. ते मळायचे थांबले.

"माले माहीत व्हतं," म्हणाले.

"माहीत होतं? आणि गप्प बसलात?"

"एकदाव हौदनी माती चाळतांना बोलना. मी इचारं, पहिलवान, जपान्याले कोनता डाव टाका? तो बोलना, ढाक. मंग जरासा टाइमनी बोलना, त्यानी मान मोडनी, भाईदास. कोनले सांगू नको. मी सांगं नही." त्यांनी तंबाखू तोंडात टाकली. "तठे जमीन कडक व्हती म्हने. माती चाळेल नव्हती."

मग मला उठता आले असते. मी उठले नाही. कशी कोण जाणे, मीच विचारले.

"नाना, आबा कानबाईच्या गव्हात एक मूठ जास्त टाकायचे. ती..."

"ती त्या जपान्यानीच. मना एक भाऊ तठला शे, बोले. त्यानी माय एकटी, ती काय रोट करीन." नानांनी माझ्याकडे पाहिले. "तू काय समजनी व्हती?"

मी म्हटले, काही नाही.

घरापर्यंत चालत आले. वाटेत तांबटांच्या आळीत भांडी ठोकत होते, एरवी मला तो आवाज सहन होत नाही. आज ऐकूच आला नाही.

माझ्या वडिलांच्या हातून एक माणूस मेला, हे वाचून मला धक्का बसला. पण आज जे झाले ते धक्क्याच्या पलीकडचे आहे, आणि त्याची मला लाज वाटते. एक पोर एकविसाव्या वर्षी गेले, एक आई एकटी राहिली, आणि मी एकोणसत्तर वर्षांची बाई सव्वा मूठ गव्हासाठी रडते आहे. मूठ टाकताना आबांनी वर पाहिले तेव्हा माझ्याकडे पाहिलेच नसेल. समोर कोणीतरी बसले होते, नजर तिथे पडली, एवढेच.

एकोणतीस वर्षे मी त्याच्या मुठीवर माझे नाव घेतले.

२६ जुलै, शनिवार

प्रेमराज आणि भूपेंद्रला बसवून सगळे सांगितले. मुठीचे सोडून.

भूपेंद्र आधी पांढरा पडला, मग म्हणाला, "अक्का, बॅनर लागले आहेत. आमदार येतायत. कुस्त्या शंभरावर ठरल्यात."

"बॅनरवर खोटं लिहिलेलं आहे."

"खोटं कसं? पाडलं तर आबांनीच ना?"

प्रेमराज इतका वेळ जमिनीकडे बघत होता. तो लहानपणापासून असाच. म्हणाला, "अक्का, आबानी जनमभर झाकी ठेवं. खण लावीसन, देवीना दागिना ठेवीसन झाकं. तू माइकवर उघडशीन?"

मी म्हटले, झाकले त्यांनी, पण डंका आपण वाजवला. डंका मला थांबवायचा आहे.

संध्याकाळी स्मरणिकेसाठी शुद्धिपत्र लिहिले. 'पान ७, ओळ ४. "चितपट केले" याऐवजी "पडला" असे वाचावे.' वाचून पाहिले आणि फाडले. हे काय छपाईची चूक आहे?

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी

हातात पेन आहे पण अजून विश्वास बसत नाही. जसे झाले तसे लिहिते.

तालमीच्या आवारात हजार-दीड हजार माणूस. मंडपात चित्र टांगले होते, काचेविना, शेजारी मी खुर्ची टाकून बसले होते, कोणी बोट लावू नये म्हणून. तालमीत पाऊल टाकण्याची माझी ही पहिली वेळ. नवी माती, तेल-ताक घालून मळलेली. वास मात्र आबांच्या सदऱ्याचा.

माझे नाव पुकारले. स्मरणिका मी हातात घेतलीच नाही. उभी राहिले आणि झाकणावरचा मजकूर वाचला. हळू, स्पष्ट, वर्गात वाचावा तसा. शिगेओ, वय एकवीस. मान मोडली. चार दिवस. पाणी पाजले. मग म्हटले, माझे वडील जिंकले नव्हते. त्यांच्या हातून एक माणूस गेला, आणि ते परत कधीच लढले नाहीत. त्यांनी तुमच्या बापांना आधी पडायला का शिकवले ते आता तुम्हाला कळले असेल.

शांतता झाली. मला वाटले, पोचले.

मग मागून कोणीतरी शिट्टी मारली. दुसरी शिट्टी. आणि टाळ्या. टाळ्या अशा की मंडपाचे कापड थरथरले. पोरे उभी राहून ओरडू लागली. निवेदकाने माझ्या हातातला माइक जवळजवळ ओढला. "ऐकलं का मंडळी! आजवर आपण समजत होतो, चिंधा पहिलवानांनी जपान्याला पाडलं. प्रोफेसर मॅडमनी आज पुराव्यासकट सिद्ध केलं. पाडलं नाही, एका डावात खलास केला! अरे, होऊन जाऊ द्या!"

ढोल. हलगी. कोणी आबांच्या फोटोवर गुलाल उधळला, तो माझ्या पांढऱ्या पातळावर पडला. आमदारांनी वाकून मला नमस्कार केला, डोळ्यांत पाणी. म्हणाले, "ताई, अशी माणसं आता होत नाहीत."

मी भूपेंद्रकडे पाहिले. तो टाळ्या वाजवत नव्हता. हात मांडीवर ठेवून बसला होता, आणि मला तो पहिल्यांदा आबांसारखा दिसला. पहिल्या रांगेत भाईदास नाना. त्यांना ऐकू आले नसेल, पण गर्दीचे तोंड दिसत होते. ते काठी टेकत उठले, चित्रासमोर आले, अंगठा गुलालात बुडवला आणि निळ्याच्या कपाळावर टेकवला. जुन्या डागावर, नेमका.

मी त्यांना अडवले नाही.

मग चित्र उतरवले, गुंडाळले, काखेत घेतले आणि पहिली कुस्ती लागायच्या आत घरी आले.

३० जुलै, बुधवार. देवपूर, धुळे

दिवसभर फोन. अभिनंदन.

३१ जुलै, गुरुवार

हेमांगीने विचारले, त्या गावाचा शोध घ्यायचा का. झाकणावर देवळाचे नाव आहे. मी हो म्हटले. आई तर कधीच गेली असणार, पण देऊळ असेल. चित्र द्यायचे का, हा प्रश्न नंतरचा. आधी पत्र. काय लिहायचे? 'आम्ही तुमच्या मुलाचे चित्र अठ्ठ्याहत्तर वर्षे उलटे वाचले.' एवढ्यावरच थांबले आहे.

चिडचिड होते आहे. दूधवाल्यालाही बोलले. पाणी घालतो हे खरे आहे, पण रोजच घालतो.

२ ऑगस्ट, शनिवार. सोनगीर

येऊ नये असे वाटत होते. प्रेमराजला फोन करून म्हटले, यंदा सुनंदाच मोजेल. तो म्हणाला, "बरं." आणि मग, "अक्का, आबानी मोजाना काम तुलेच देयेल व्हतं. माले नही." बस. तेवढ्यावर मी निघाले.

ओट्यावर पितळी परात, धुऊन वाळवलेले गहू, पाट. सुनंदावहिनी, भूपेंद्रची बायको डिंपल आणि मी. देवीची पेटी शेजारी. वहिनीने झाकणाला खण परत लावलेला नाही. 'लिव्हेल शे तं राहू द्या' म्हणाली. दागिने आत, वर त्या अकरा ओळी, उघड्या.

मी मोजायला बसले. प्रेमराज. सव्वा मूठ. भूपेंद्र. सव्वा मूठ. धाकटा योगराज, पुण्याहून उद्या येतो. सव्वा मूठ. भूपेंद्रचा रुद्र. सव्वा मूठ. चार झाल्या.

शेवटची मूठ भरली. आणि मोठ्याने म्हटले, "शिगेओ."

डिंपलने मान वर केली. वहिनीने विचारले, "कोन?"

"आबांचा भाऊ. तिकडचा. या झाकणावरचा."

मला वाटले, आता वाद होणार. परक्या कुळाचा, परक्या देशाचा, मेलेला. रोट म्हणजे गंमत नाही. मी उत्तरे तयार ठेवली होती, चार-पाच, क्रमाने. वहिनीने पेटीकडे पाहिले, परातीकडे पाहिले. मग म्हणाली, "मंग त्यानं नाव शेवट कसाले? आबाना भाऊ म्हनजे काकाच ना आपला? मोठा शे तो. आधी घ्याले पाहिजे."

चूक ती चूक. परात उपडी केली, गहू पुन्हा पोत्यात, पुन्हा पहिल्यापासून.

"शिगेओ."

त्याची पहिली मूठ पडली तेव्हा रिकाम्या परातीचा आवाज झाला. मग प्रेमराज. भूपेंद्र. योगराज. रुद्र. पाच झाल्या. डिंपल गहू चक्कीवर न्यायला फडके घेऊन उठली. कानबाईचे दळण म्हणून चक्कीवाल्याने चक्की धुऊन ठेवली होती, वेळ दिली होती.

माझा हात पोत्यातच होता. शेवटची जागा रिकामी होती. जन्मात पहिल्यांदा खरोखर रिकामी, कोणाची नसलेली. हात बाहेर आला तेव्हा भरलेला होता.

डिंपल थांबली. "अक्का, पाच झाल्या ना? ही कोणाची?"

वहिनीने तिच्याकडे डोळे वटारले, म्हणजे तिला कळले असावे. मला वाटते तिला कितीतरी वर्षांपासून कळले असावे.

"मोजायला मी बसले आहे ना?" मी म्हटले.

"हो."

"मग फडकं धर नीट. सांडेल."

आणि परातीवर हात उघडला. मग मोठ्याने, वर्गात हजेरी घेताना घेत असे तसे, म्हटले, "सुलक्षणा."

वरची पाव मूठ घालायची राहिली होती. तीही घातली.